होल्डवर ठेवलेले नऊ दिवस

मूल स्वतःहून उठायला लागलं की बाकीच्या आया देवापुढं साखर ठेवतात. मोनिका जाधवच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली.

सोमवारी सकाळी सहाला गजर झाला आणि राजनंदिनीनं हात लांबवून तो बंद केला. उठली. तोंड धुतलं, पाण्याची बाटली घासली आणि खिडकीखाली बसून गणिताची वही उघडली. मोनिका त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला होती, म्हणजे सकाळी घरीच. ती अंथरुणात पडल्या पडल्या, अर्धे डोळे मिटून हे सगळं बघत राहिली. सहावीतली ही अकरा वर्षांची पोरगी, घरात तिला नंदू म्हणत, आणि तिला उठवणं हे आजवर दोन माणसांचं काम होतं. एकानं हाका मारायच्या, दुसऱ्यानं पंखा बंद करायचा. आता तर पंखाही जळाला होता. बापानं तो उतरवून, भंगारात द्यायला म्हणून मोरीजवळ पोत्यात घालून ठेवला होता. मग पोरगी उठली कशानं?

मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. गुरुवारी मोनिकानं नवऱ्याला हलवलं.

"अहो, नंदूचं काहीतरी चाललंय."

"काय चाललंय?"

"अभ्यास करायलीय."

विश्वजीत रोज पडेगावहून मोटारसायकल हाणत बिडकीनच्या नव्या कारखान्यात जायचा. त्याला सकाळची दहा मिनिटं झोप लाखमोलाची होती. "मग करू दे की," तो म्हणाला. "लोकांची पोरं करीत नाय म्हणून बोंब, तुझी करायली म्हणून बोंब." आणि त्यानं कूस बदलली.

मोनिकाला असं बोलून काही उपयोग नव्हता. वाळूजला गाड्यांचे रबरी भाग बनवणाऱ्या कंपनीत ती बारा वर्षं शेवटच्या तपासणीवर होती. संशय घेण्याचाच पगार मिळायचा तिला. लाइनवरच्या पोरी तिला पाठीमागं फौजदारीण म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. मशिनवरच्या माणसानं दर तासाला माप घेऊन चेकशीटवर लिहायचं असतं. खरं चेकशीट मळकं असतं. एखादा आकडा खोडलेला, मधेच पेन बदललेलं, अंगठ्याचा तेलकट डाग, कुठंतरी एक माप बाहेर गेलेलं. आणि पाळी सुरू होताच, चहाच्याही आधी, आठही तासांचं भरून मोकळं झालेलं चेकशीट लग्नपत्रिकेसारखं स्वच्छ असतं. मोनिका ते हातभर लांबून ओळखायची. संशय आला की मालावर 'होल्ड' लिहिलेली लाल चिठ्ठी लागायची, आणि मग तो माल जागचा हलायचा नाही.

असल्या या बाईच्या हातात नेमका शाळेनं एक तक्ता दिला होता. नंदूच्या वर्गाचे बुद्धभूषण सर, त्यांनी महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येक पोराला तो वाटला. वर नाव 'माझं मी'. मी स्वतःहून उठले, दप्तर मी भरलं, अभ्यास कुणी सांगायच्या आत केला, डबा-बाटली मी घासली, अशा चार ओळी आणि महिन्याच्या तारखांचे तीस रकाने. झालं तर बरोबरची खूण, नाही झालं तर फुली. सगळ्यात खालची ओळ पालकाच्या रोजच्या सहीची. "फुलीला मी रागावणार नाही," सरांनी पोरांना सांगितलं होतं. "फक्त जे लिहाल ते खरं लिहा."

सहीचं काम मोनिकानं एक तारखेलाच उरकलं. तिची अडचण काही खोटी नव्हती. पहिल्या पाळीला सहाच्या आत कंपनीची बस पकडायची, तेव्हा पोरगी झोपलेली. दुसऱ्या पाळीला पोरगी शाळेतून यायच्या आधीच ही घराबाहेर. रोज सही करायची कधी? म्हणून चहाचा कप खाली ठेवून तिनं एका दमात तीस सह्या ठोकल्या. "घे," नंदूला म्हणाली, "आता महिनाभर माझ्यामागं लागू नको."

तर शुक्रवारी, नंदू शाळेत जायच्या गडबडीत असताना, मोनिकानं दप्तरातून तो तक्ता हळूच काढला. एक ते सात तारखांवर फुल्यांचा नुसता चिखल होता. सातला तर चारही ओळींत फुल्या. आणि आठ तारखेपासून पुढं एकसुद्धा फुली नाही. मोनिकाच्या ओठावर तेच हसू आलं, जे लाइनवरच्या पोरींना बघवत नसे. कालपर्यंत रोज बिघडणारं मशिन एका रात्रीत कसं सुधारतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. कुठंतरी पाणी मुरत होतं.

मग तिनं डोळ्यांत तेल घालून बघायला सुरुवात केली, आणि बघणाऱ्याला सापडतंच. नंदूच्या नखांत काळं. फ्रॉकला कसलासा उग्र वास, रंगाच्या दुकानातून आल्यासारखा. कंपासपेटीत, पट्टीखाली, केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. भंगारात तांब्याला काय भाव येतो, हे मोनिकाला ठाऊक होतं. तिनं मोरीजवळचं पोतं उचललं, तर ते हलकं लागलं. आत जुन्या चपला आणि एक फुटका टब. पंखा गायब.

आपल्या पोरीला कुणीतरी भंगाराच्या नादी लावलं, हे तिनं तिथंच ठरवून टाकलं. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण तो हसला असता. नंदूला विचारलं नाही, कारण विचारलं की माणूस सावध होतं, हा तिचा बारा वर्षांचा अनुभव.

पुढच्या सोमवारी पाळी बदलली. पहिल्या पाळीची बस तिला साडेचारला पडेगावात उतरवायची. नंदू पावणेपाचला शाळेतून आली, उरलेला अभ्यास केला, दप्तर भरलं, आणि सहाला पाच कमी असताना चपला घालून म्हणाली, "श्रेयाकडं खेळायला जाते."

मोनिका दळण घेऊन मुद्दाम श्रेयाच्या घरावरून गेली. श्रेयाची आई दारातच मेथी निवडत होती. "नंदू व्हय?" ती म्हणाली. "हप्ता झाला, फिरकली नाय इकडं. आजारी हाय का?"

मंगळवारी सहाला पाच कमी असताना नंदू निघाली आणि तिच्यामागं पन्नास पावलं सोडून मोनिका निघाली. पोरगी एकदाही मागं वळली नाही. गिरणीवरून डावीकडं, मशिदीच्या मागच्या गल्लीत, आणि तिथल्या तिसऱ्या घरात ती सरळ आत शिरली. दाराबाहेर पात्यांविना पंख्यांची लोंबती रांग होती. हे घर अनिसाभाभीचं. तिचा नवरा मोहियोद्दीन जळालेले पंखे आणि पाण्याच्या मोटारी नवी तार गुंडाळून बांधून द्यायचा. त्याची कंबर गेल्यापासून ते काम अनिसाच करत होती, आणि लोक म्हणत की नवऱ्यापेक्षा चांगलं करते.

मोनिका दाराआड उभी राहिली. आत नंदू मांडी घालून बसली होती. पुढ्यात हातानं फिरवायचं छोटं यंत्र, त्यावर पंख्याचा लोखंडी गाभा, आणि त्याभोवती तांब्याची तार गुंडाळली जात होती. पोरीचे ओठ हलत होते. "एकशे ऐंशी, एकशे एक्याऐंशी." शाळेत उत्तर देताना कुजबुजणारी ही पोरगी इथं खणखणीत मोजत होती. मोनिकाला ते ऐकून कौतुक वाटायला हवं होतं. तिला वाटला राग.

"नंदू."

पोरीचा हात थांबला. "एकशे शहाऐंशी," ती आधी पुटपुटली, आकडा हातचा जाऊ नये म्हणून, आणि मग तिनं आईकडं बघितलं.

"भाभी, तुमची कामं करायला माझीच पोर सापडली व्हय तुम्हाला?"

अनिसा मागं भिंतीला टेकून वार्निश ढवळत होती. ती उठली नाही की बिचकली नाही. "ताई, गिऱ्हाइकाचं काम नाय हे. तुमचाच पंखा हाय. पोत्यातून ओढत घेऊन आली. मी नाय बोलवलं, खुद आली. म्हणली, खाला, ह्यात असं काय जळलं की ह्याचं फिरणं बंद झालं? मी म्हणलं, खोलून बघ. खोललं, तर आता बांधायचं कसं ते विचारायली."

"आन् अभ्यास?"

"अभ्यास करून आली तर उंबऱ्याच्या आत, नाय तर बाहेरूनच सलाम. एक दिवस परत धाडली मी. दुसऱ्या दिवसापासून म्हणती, सकाळीच करून टाकते. बिजलीला हात लावू देत नाय मी, निश्चिंत ऱ्हा."

उत्तरं सगळी मिळत होती आणि म्हणूनच मोनिकाला ती पटत नव्हती. इतकी नीट बसणारी उत्तरं ती रोज ऐकायची. ती नंदूकडं वळली. "मला का सांगितलं नाहीस?"

"तू तपासायला लागली असतीस," नंदू म्हणाली.

ते वाक्य मोनिकाला फार लागलं, आणि लागलं की माणूस जे करतं तेच तिनं केलं. पोरीचा दंड धरून घरी आणली, तक्ता बाहेर काढायला लावला.

"आठपासून सोळापर्यंत नऊ दिवस. एक पण चूक नाय?"

"झालं म्हणून तसं लिहिलं. सर म्हणले, खरं लिहा."

"मला शिकवू नको. बारा वर्षं असले कागद बघायलेय मी." तिनं पर्समधलं लाल पेन काढलं आणि त्या नऊ रकान्यांवरून आडवं, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'होल्ड'. "आठ दिवस माझ्या नजरेसमोर सगळं करून दाखव. मग बघू खालाकडं जायचं का नाय."

नंदू रडली नाही. तिनं कागदाची घडी घातली आणि विचारलं, "तुझ्या नजरेसमोर म्हणजे कधी?"

मोनिकानं ऐकू न आल्यासारखं केलं आणि कुकर लावायला घेतला.

पोरगी ऐकायला लागली. इतकी ऐकायला लागली की मोनिकाला ते सहन होईना. पुन्हा दुसरी पाळी आली, मोनिका पुन्हा सकाळी घरी. सोमवारी गजर झालाच नाही, कारण कुणी लावलाच नव्हता. तीन हाकांनंतर नंदू उठून बसली आणि म्हणाली, "उठू का?" मग, "बाटली घासू का?" मग दप्तरापुढं उभी राहून, "आता काय भरू?" सांगितलं तेवढं केलं, त्याच्यापुढं एक बोट हलवलं नाही. वही उघडी ठेवून खिडकीबाहेर बघत बसली. तिच्या नखांतलं काळं गेलं होतं. मोनिकाला हवी होती तशी स्वच्छ पोरगी समोर होती आणि तिला ती अजिबात नको होती. पण आपण चुकलो असं मान्य करायच्या आधी तिला पुरावा हवा होता. सवयच तशी.

मंगळवारी सकाळी ती शाळेत गेली. बुद्धभूषण सर प्रार्थनेआधी वर्गात वह्या लावत होते. तरुण माणूस, बोलणं मोजकं.

"सर, नंदूचा तक्ता बघायचाय. ती खोटं लिहिते असा माझा अंदाज हाय."

"कालच जमा केलेत," सर म्हणाले. गठ्ठ्यातून त्यांनी एक कागद काढून बाकावर पसरला.

मोनिकानं एक नजर टाकली आणि तिला ते दिसलं. लाल होल्डच्या पुढं, सतरा तारखेपासून थेट तीसपर्यंत, चारही ओळींत बरोबरच्या खुणा. एकाच निळ्या पेनाच्या, एकाच उताराच्या, एका बैठकीत ठोकलेल्या. आज होती तेवीस.

"बघा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात विजय होता. "आधीच भरून ठेवलंय. अजून दिवस उगवले नाय तर भरून ठेवलंय. मी म्हणलं नव्हतं?"

"मीही विचारलं तिला," सर म्हणाले. "तर म्हणाली, सर, आईपण असंच भरते."

त्यांनी बोटानं काही दाखवलं नाही. मोनिकाची नजर आपोआप शेवटच्या ओळीवर गेली. तीस सह्या. एकाच पेनाच्या, एकाच उताराच्या. चोवीसची सही, पंचवीसची सही, तीसची सही. लग्नपत्रिकेसारखी स्वच्छ ओळ. हातभर लांबून ओळखू यावी अशी.

तिला कानापर्यंत गरम झालं. कंपनीत असं भरणाऱ्या पोरीला तिनं सगळ्यांसमोर उभं करून झापलं असतं, झापलंही होतं, एकदा नाही, कितीदा. इथं झापायला कुणी नव्हतं. सर पुन्हा वह्या लावायला लागले होते आणि तेवढ्यापुरती ती त्यांची आभारी होती.

"हा मी नेऊ का?" तिनं विचारलं.

"न्या. आठ ते सोळावर माझा विश्वास होता," सर म्हणाले. "आधीच्या आठवड्यात इतक्या फुल्या मारणारी पोर अचानक खोटं कशाला लिहील?"

बस अडीचला होती. ती घरी न जाता मशिदीच्या मागच्या गल्लीत गेली. अनिसाभाभीनं तिला बघून फक्त चटई पुढं सरकवली. कोपऱ्यात ते छोटं यंत्र तसंच होतं, त्यावर पंख्याचा गाभा, अर्धवट गुंडाळलेली तार चिंधीनं बांधून ठेवलेली.

"तुम्ही पुरा नाय केला?"

"मी कशाला करू? जिची गिनती, तिनंच पुरी करायची. तीनशे वीस फेरे लागतात एका कॉइलला. एक जरी चुकला तर सगळं उलगडायचं, हा इथला कायदा."

"किती वेळा उलगडलं तिनं?"

अनिसानं मान वर केली. यंत्राच्या वरच्या भिंतीवर, पोराच्या हाताच्या उंचीवर, खडूच्या फुल्या होत्या. मोनिकानं मोजल्या. अकरा. एक पांढऱ्या खडूची, दोन पिवळ्या, एक रागानं इतकी दाबलेली की खडू तिथंच तुटला असावा. एकीवर काळ्या अंगठ्याचा ठसा. त्यांच्याशेजारी अनिसानं लिहून ठेवलं होतं, १८६.

नऊ दिवसांच्या चुका कुठं गेल्या, याचा शोध ती घेत होती. त्या इथं होत्या. पोरीनं त्या लपवल्या नव्हत्या, जिथं झाल्या तिथंच नोंदवल्या होत्या. सकाळचा अभ्यास, घासलेली बाटली, भरलेलं दप्तर ही सगळी धडपड या भिंतीपुढं येऊन चुकायला मिळावं म्हणून होती. आणि आपण काय केलं, तर नेमका तोच एक तास काढून घेतला. मोनिकाला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही. अनिसानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि पुन्हा आपलं काम घेतलं.

"उद्यापासून येऊ दे तिला, भाभी."

"दार तर उघडंच हाय. पण ताई, आता ती आली पायजे."

तीच भीती होती. बसमध्ये मोनिकानं मांडीवर तक्ता घेतला आणि लाल पेन काढलं. शेजारच्या पोरी वाकून बघायला लागल्या, बघू दे. तिनं एकामागून एक तीसही सह्यांवर फुल्या मारल्या. मग होल्डच्या खाली, कंपनीत लिहितात तसा शेरा लिहिला. कंपनीत असा शेरा कुणी कधी लिहीत नाही, तरी तिनं लिहिला: 'होल्ड काढला. माल चांगला होता. तपासणारीची चूक.'

बुधवारी सकाळी सहाला ती जागी होती. गजर नव्हताच. नंदू भिंतीकडं तोंड करून झोपलेली. साडेसहा झाले, सात झाले. मोनिकाच्या जिभेवर हाक आली आणि तिनं ती गिळली. विश्वजीत डबा घेऊन निघताना म्हणाला, "अगं, उठव की तिला."

"गप जावा," मोनिका म्हणाली. एवढं अवघड काम तिनं बारा वर्षांत केलं नव्हतं.

सव्वाआठला नंदू उठून बसली. घड्याळाकडं बघितलं, आईकडं बघितलं. "का उठवलं नाय?"

"नाय उठवलं."

पोरगी वाट बघत राहिली, पुढं काय करायचं ते सांगितलं जाईल म्हणून. मोनिका भाकरी थापत राहिली. शेवटी नंदू दप्तराकडं गेली. त्यावर तक्ता उघडा ठेवलेला होता. तिनं तो उभ्या उभ्याच वाचला. लाल फुल्यांवरून एक एक करून बोट फिरवलं, मग शेऱ्यावर थांबली.

"होल्ड काढला?"

"काढला. मी चुकले, नंदू."

पोरगी गळ्यात पडली नाही, हसलीही नाही. खाली बसली, पेन घेतलं आणि सतरापासून तीसपर्यंत भरलेल्या सगळ्या खुणा खोडून टाकल्या. कागद अगदी गबाळा झाला. मग चोवीस तारखेच्या रकान्यात, 'मी स्वतःहून उठले' या ओळीत कोपऱ्यात जागा शोधून तिनं लिहिलं, सव्वाआठ, आणि उशीर झाला म्हणून त्यापुढं एक फुली मारली.

मग ती भराभरा उठली. बाटली घासली, वह्या भरल्या, भाकरीचा तुकडा तोंडात धरून वेणी घालायला लागली.

"गणित ऱ्हायलंय," भरल्या तोंडानं म्हणाली. "मधल्या सुट्टीत उरकते. सहाला जायचंय."

"कुठं?" मोनिकाच्या तोंडून सवयीनं निघालं.

"एकशे शहाऐंशीवर थांबलेय मी," नंदू म्हणाली, आणि तक्ता तिच्यापुढं धरला. "सही."

मोनिकानं पिठाचे हात पदराला पुसले. तरी कागदावर अंगठ्याचा पांढरा ठसा उमटलाच. तिनं त्या एका फुलीखाली सही केली. फक्त चोवीस तारखेची.